कळस दिसतोय तोवर

“शेवाळे, खालचा आकडा काय म्हणतोय?” उपळेकर सरांनी डोळ्यांवरची दुर्बीण न काढता विचारलं.

पायथ्याशी बसवलेल्या हवालदाराला मी वॉकीटॉकीवरून पुन्हा तोच प्रश्न केला आणि पुन्हा तेच उत्तर आलं. मी सरांना म्हटलं, “सर, वरून जेवढे लोक जिन्यावर सोडताहेत, त्यांच्या निम्मेसुद्धा खाली पोचत नाहीयेत.”

“हवालदार चुकत असेल. सकाळपासून उपाशी असेल बिचारा.”

“चुकायला त्याला वावच नाही. खटक्याचं यंत्र दिलंय हातात. माणूस आला की अंगठा दाबायचा.”

“मग लोक रेंगाळत असतील. नवाकोरा जिना आहे. फोटो काढत असतील.”

सरांना पटवायचं तर हातात काहीतरी लागायचं, आणि माझ्या हातात एक खरखरणारी वॉकीटॉकी सोडून काही नव्हतं.

चैत्रातली जत्रा होती. पाथराईच्या डोंगरावर, देवळाच्या अंगणाला लागून उभारलेल्या बांबूच्या मचाणावर आम्ही दोघं उभे होतो. सूर्य वर आला होता, वारा भणाणत होता आणि उधळलेल्या हळदकुंकवाचा धुरळा सगळ्या डोंगरावर तरंगत होता. समोर देवीचं देऊळ, त्याचा पितळी कळस, अंगणाच्या कडेला नवी दगडी कमान आणि कमानीपासून थेट पायथ्यापर्यंत उतरलेला तो नवा जिना. रुंद आणि सरळ, कुठेही एक वळण, एक मोड नसलेला. तो सरांचा जिना होता.

सर मूळचे अभियांत्रिकी कॉलेजातले. गर्दी कशी चालते, कुठे तुंबते, कशानं चेंगरते, हा त्यांचा विषय. बरीच वर्षं तो विषय ऐकून लोक हसायचे. मग पाथराईच्या जुन्या, दगडी पायऱ्यांच्या पाखाडीवर, एका मोठ्या धोंड्याजवळच्या मोडीवर, जत्रेच्या दिवशी चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली, आणि सरकारला एकाएकी असा विषय जाणणारा माणूस हवा झाला. तेव्हापासून सरांचा निम्मा आठवडा मंत्रालयात आणि निम्मा कॉलेजात जायचा. “कॉलेजात मला साहेब म्हणतात आणि मंत्रालयात प्रोफेसर,” ते सांगायचे. “दोन्हीकडे अर्थ एकच. हा आपला नाही.” मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायची आणि तेव्हा प्रतिनियुक्तीवर त्यांच्या कक्षात होते. म्हणजे माझीही गत तीच होऊ घातली होती.

त्या मोडीचा सरांनी पिच्छा पुरवला होता. ओळीनं कितीतरी जत्रांची उंचावरून चित्रफीत घेऊन, माणसं मोजून त्यांनी दाखवून दिलं होतं की लोक वरून उतरतात ते थेट त्या मोडीवर येऊन थबकतात. प्रत्येक वेळी, न चुकता. आधी नाही, नंतर नाही, मोडीवरच. त्यावरून त्यांचा सिद्धांत निघाला. माणूस सरळ चालला की चालत राहतो, वळवला की अडखळतो. त्यावर त्यांचा शोधनिबंध आला, परदेशात गाजला. मग मंत्रालयातली फाइल हलली आणि शेवटी हा जिना झाला. चढायला जुनी पाखाडी, उतरायला नवा सरळ जिना. हिवाळ्यात पोलीस प्रशिक्षण केंद्राची पोरं आणून चाचणीही घेतली होती. बूट वाजवत पोरं टपाटप उतरली होती आणि सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती.

त्यानंतर जिन्याला कुलूप होतं. तो लोकांसाठी उघडला तो आज पहाटे. दुपारी पालकमंत्री येऊन रीतसर उद्घाटन करणार होते आणि राज्यातल्या सगळ्या गर्दीच्या डोंगरांवर असेच जिने होणार, अशी घोषणा करणार होते. घोषणेचा मसुदा सरांनीच लिहिला होता. तो त्यांच्या शबनम पिशवीत होता.

“काकू पोचल्या असतील का हो दर्शनाला?” मी विचारलं.

“ती? ती पोचून, देवीशी भांडून, परत निघालीसुद्धा असेल.”

नलिनीकाकू सरांच्या पत्नी. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. पाथराई त्यांच्या माहेरची देवी, त्यामुळे लग्नाआधीपासून एकही जत्रा त्यांनी चुकवली नव्हती. सर मात्र जन्मात कधी त्यांच्याबरोबर आले नव्हते. देव तिच्या खात्यात आणि गर्दी माझ्या, असं त्यांच्या घरात ठरलेलं होतं. सकाळी मचाणाखाली उभ्या राहून काकूंनी आम्हाला हाक मारली होती. हिरवं काठापदराचं लुगडं, हातात ओटीचं ताट. “येते हो दर्शन घेऊन. आज तुमच्या जिन्यावरून उतरणार आहे. बघते कसा बांधलाय ते!”

“डोळे मिटून उतर,” सर वरून ओरडले होते. “आख्ख्या डोंगरावर त्याच्याइतकी सुरक्षित जागा नाही.”

ते वाक्य मला आता आठवलं आणि का कोण जाणे, आवडलं नाही.

“मी खाली जाऊन बघून येते, सर.”

“जा. हवालदाराला वडापाव दे.”

जिन्याच्या कडेनं कामगारांनी वापरलेली एक निसरडी वाट होती, करवंदीच्या जाळ्यांतून जाणारी. त्या वाटेनं मी उतरले. जाळ्यांपलीकडे जिना होता, पण मला तो दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. आणि त्या ऐकण्यात काहीतरी खटकत होतं. एवढी माणसं उतरताहेत म्हटल्यावर पावलांचा एक ठेका असतो, बायकांच्या जोडव्यांचा, वहाणांचा. तो नव्हता. नुसतं घासल्याचा आवाज येत होता. खसऽऽ, थांबणं, खसऽऽ. मधूनच जोरात “पाथराईच्या नावानं चांगभलं!” आणि पुन्हा ते घासणं.

पायथ्याशी आले, जाळीतून बाहेर पडले आणि मान वर करून जिन्याकडे पाहिलं.

हजारो माणसं माझ्याकडे उतरत येत होती आणि त्यांत एकही चेहरा नव्हता.

अंबाडे होते. गजरे, वेण्या, फेट्यांचे शेमले होते. सदऱ्यांच्या घामानं भिजलेल्या पाठी, पाठीला बांधलेली झोपलेली पोरं. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळ्या पाठी. सगळी गर्दी उलट्या पावलांनी खाली येत होती. डोळ्यांत साबण गेलेला माणूस तांब्या चाचपतो, तसे सगळे पाय मागची पायरी चाचपत होते. एक पायरी सापडायची, मग दुसरा पाय यायचा, मग पुढची. आणि सगळ्यांचे डोळे वर.

वर मचाणावरून आम्हाला हे दिसलं नव्हतं. वरून, त्या हळदीच्या धुरळ्यातून, नुसती डोकी दिसतात, आणि पदर घेतलेलं डोकं पुढून मागून सारखंच. आम्ही सकाळपासून डोकीच मोजत होतो.

शेवटच्या पायरीवरून एक म्हातारबाबा मागं मागं येत माझ्या अंगावरच आदळले. मी त्यांना धरलं.

“बाबा, उलटं का उतरताय?”

“मंग? आईला पाठ दावू व्हय?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वहाणा घालून गाभाऱ्यात शिरलेय.

“अहो पण किती वेळ? कुठवर असं उतरायचं?”

“कळस दिसतोय तवर.” त्यांनी कपाळाला हात लावला. “दरसाली धोंड्यापाशी आलो की कळस जातो डोंगराआड. तितं हात जोडायचं, तोंड फिरवायचं अन् चालाय लागायचं. औंदा धोंडाच कुटं आला न्हाई. मान दुकाय लागली, लेकी. पर आई बगतीया, म्हनल्यावर...”

मी त्यांच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. इथून, अगदी पायथ्यापासून, कमानीच्या मधोमध कळस लखलखत होता. जिना सरळ होता ना. एकाही पायरीवरून तो दिसायचा थांबणार नव्हता.

मी करवंदीतून वर पळत सुटले. कसली वाट आणि कसले काटे. मनात एकच येत होतं. वर कुणी सोडायचं थांबत नाहीये, खाली कुणी पोचत नाहीये आणि मधे कुणाचं पायांखाली लक्ष नाहीये. एखादी म्हातारी बसली, एखाद्याचा तोल गेला, तर तिच्या वरच्या माणसाला कळणारसुद्धा नाही. तो कळसाकडे बघत तिच्यावर पाय ठेवील, आणि त्याच्यावर पुढचा.

मचाणावर पोचले तेव्हा मला धड बोलता येत नव्हतं.

“सर, सगळे उलटे उतरताहेत.”

“म्हणजे?”

“तोंड देवळाकडे करून. मागं मागं. कळस दिसतोय तोवर देवीला पाठ दाखवायची नाही, अशी रीत आहे. सर, त्या मोडीवर लोक थबकायचे ते मोड होती म्हणून नाही. तिथं कळस दिसेनासा व्हायचा. तिथं ते शेवटचा नमस्कार करायचे आणि मग वळायचे.”

सरांनी दुर्बीण खाली घेतली. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. आपल्याच घराचं दार उघडावं आणि आत दुसऱ्याच कुणाचा संसार मांडलेला असावा, तसं ते माझ्याकडे बघत राहिले.

“माझे आकडे बरोबर होते,” ते म्हणाले.

“आकडे बरोबर होते, सर. कारण दुसरंच होतं.”

त्यांनी पुन्हा दुर्बीण लावली. आता ते डोकी बघत नव्हते, माणसं बघत होते. दुर्बीण चष्म्यावर टकटक आपटत होती. जिन्याच्या मध्यावर ती थांबली.

“नलू,” ते म्हणाले. “नलू मधोमध आहे. तिच्या हाताला धरायला काही नाही, शेवाळे. मधे कठडा नाही. मीच काढायला लावला होता मधला कठडा. वेग कमी होतो म्हणून.”

मी ध्वनिक्षेपक ओढून घेतला. “भाविकांना विनंती आहे, कृपया खाली तोंड करून उतरा. आपल्याला धोका आहे. कृपया...”

करायला नको होतं. बहुतेकांनी ऐकलंच नाही, पण मधली काही तरणी मंडळी वळली. आणि वळली ती थेट वरून उलट्या येणाऱ्या पाठींना आडवी आली. कुणाची छाती, कुणाची पाठ. एक बाई किंचाळली. जिन्याच्या मध्यावर गर्दीत एक लाट उठली, ती कडेच्या कठड्यापर्यंत गेली आणि लोखंड कुरकुरलेलं आम्हाला मचाणावर ऐकू आलं. लाट परत आली. हिरवं लुगडं क्षणभर दिसेनासं झालं, मग दिसलं.

“बंद कर ते!” सर ओरडले. मी बंद केलं.

“सर, वरून सोडायचं थांबवू या?”

त्यांनी वॉकीटॉकीवर प्रांतसाहेबांना विचारलं. झेंडे नावाचे तरुण प्रांत अंगणात कमानीजवळ उभे होते. त्यांचा आवाज चिरका झाला होता. “सर, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. पाखाडीवरून माणूस येतोच आहे. कमान बंद केली तर इथं आत मरतील.”

वर थांबवता येत नव्हतं, खाली ओढता येत नव्हतं, आणि सांगून वळवता येत नव्हतं. सरांनी दोन्ही हातांनी मचाणाचा बांबू धरला होता. आयुष्यभर त्यांनी हाच एक प्रश्न सोडवला होता आणि आता तो त्यांच्यासमोर जिवंत होऊन एकेक पायरी उतरत होता.

मी कळसाकडे बघत होते. दुसरीकडे बघवत नव्हतं. आणि म्हणून मला कमानीवर गुंडाळून बांधलेला तो पिवळा गठ्ठा दिसला. पालकमंत्र्यांच्या स्वागताचा फ्लेक्स होता तो, कमानीच्या रुंदीचा. वाऱ्यानं फाटू नये म्हणून वर गुंडाळून ठेवला होता. साहेब कमानीशी आले की त्यांच्या हातानं दोरी सोडायची, असं ठरलं होतं.

“सर,” मी म्हटलं, “कळस झाकला तर?”

त्यांनी कमानीकडे पाहिलं. मला पुढचं एक अक्षरही सांगावं लागलं नाही.

“मोड,” ते म्हणाले. “तिथं मोड करता येईल.” आणि साठीला टेकलेला तो माणूस मचाणाची शिडी अर्धी सोडून खाली उडी मारून धावला.

अंगण मचाणाला लागूनच होतं, पण त्या गर्दीतून कमानीपर्यंत जायला आम्हाला युग लागलं. सर लोकांना कोपरानं सारत होते. लोक शिव्या देत होते. झेंडे कमानीच्या खांबाला टेकून उभे होते, शेजारी देवळाचे अण्णा गुरव नारळ फोडायचा कोयता हातात घेऊन.

“फ्लेक्स सोडा,” सर म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

“फ्लेक्स?” झेंडेंना वाटलं सरांना ऊन लागलं. “सर, साहेब अजून सर्किट हाउसवरून निघालेले नाहीत. दोरी त्यांच्या हातानं ओढायची आहे. कार्यक्रमपत्रिकेत आहे.”

“झेंडे, कळस झाकायचाय मला. कळस झाकला की लोक वळतील.”

“कळस झाकायचा?” अण्णा गुरव मधे पडले. “काय बोलता, साहेब? जत्रंच्या दिवशी आईच्या तोंडावर पडदा? लोक मला डोंगरावरनं ढकलून देतील.”

“अण्णा, पडदा नाही. मंत्री आहेत,” सर म्हणाले.

अण्णांनी वर बघितलं. “मंत्री असतील तर... आमी काय बोलनार त्यात.”

“सर, मला लेखी द्या,” झेंडे म्हणाले. बिचारा नवीन होता, नुकतीच पहिली नेमणूक. “नाहीतर उद्या मला...”

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. किंकाळी नव्हती ती. खूप माणसांनी एकदम श्वास आत घेतला की येतो तसा आवाज. झेंडेंनी वळून पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं.

सर दोरीच्या गाठीशी झटत होते. नायलॉनची दोरी, उन्हानं घट्ट झालेली. नखं तुटली, गाठ सुटेना. “सुट, सुट ना गं,” असं ते गाठीला म्हणत होते, लहान मुलाला विनवावं तसं. मी हात घातला तर माझेही हात निसटू लागले. मग आमच्या मधून एक कोयता पुढे आला.

“सरा बाजूला,” अण्णा गुरव म्हणाले. त्यांनी देवळाकडे तोंड करून आधी हात जोडले. मग कोयता सरांच्या हातात दिला. “माजं हात नगं. तुमी घाला.”

सरांनी कोयता घातला.

फ्लेक्स धाडकन खाली आला. वारा भरून शिडासारखा फुगला आणि कमानीच्या खांबांना ताणून बसला. वरच्या टोकापासून माणसांच्या डोक्यांच्या थोडं वरपर्यंत पालकमंत्री हात जोडून हसत उभे होते आणि खाली मोठ्या अक्षरांत सहर्ष स्वागत.

आम्ही फ्लेक्सखालून वाकून जिन्यावर गेलो. सगळा जिना वर बघत होता. हजारो डोळे कळस शोधत होते आणि त्यांना मंत्री सापडत होते. कुणीतरी एक सणसणीत शिवी हासडली. मग पुन्हा शांतता. वारा फ्लेक्सवर फडफडत होता तेवढाच आवाज.

मग मधल्या पायऱ्यांवर एका बाईनं हात जोडले. नमस्कार कपाळाला लावला. पदर सावरला आणि तोंड फिरवलं. तिच्या शेजारच्यानं फिरवलं. त्याच्या खालच्यानं. वर आणि खाली, पायरी पायरीनं, सगळा जिना वळला. मंत्र्यांना पाठ दाखवायला कुणाचीच हरकत नव्हती.

आणि मग पावलं वाजू लागली. जोडवी, वहाणा, पैंजण. सर पहिल्याच पायरीवर मटकन बसले, दोन्ही हात कानांवर ठेवून. ते ऐकत होते की ऐकायचं टाळत होते, मला कळलं नाही. खालून वॉकीटॉकीवर हवालदार ओरडला, “मॅडम, आता लई फास्ट यायला लागले, अंगठा पुरंना!”

आम्ही खाली पोचलो तेव्हा काकू पायथ्याशी एका दगडावर बसल्या होत्या. बांगड्या फुटून मनगटाला लागल्या होत्या, एका पायाचं नख उलटलं होतं. ओटीचं ताट कुठे गेलं त्यांना आठवत नव्हतं. सर त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि रुमालानं त्यांचा पाय पुसू लागले. भर रस्त्यात. मी दुसरीकडे बघितलं.

“इतकी वर्षं येतेस,” सर म्हणाले. “इतकी वर्षं तू उलटी उतरतेस. एका शब्दानं बोलली नाहीस मला.”

“त्यात बोलायचं काय?” काकूंना खरंच कळेना. “आपण उजव्या हातानं जेवतो, हे कधी सांगितलंय का मी तुम्हाला? चार पावलं उलटं चालायचं, धोंडा आला की वळायचं. तुम्ही तो धोंडाच ठेवला नाहीत.”

दुपारी मंत्री आले. फ्लेक्स आधीच सुटलेला बघून त्यांची मुद्रा उतरली, पण जनतेला धीर धरवला नाही, असं झेंडेंनी त्यांना सांगितलं आणि ती खुलली. भाषणात ते म्हणाले, पाथराईच्या जत्रेत यंदा एकही अपघात झाला नाही, याचं सगळं श्रेय या सरळ जिन्याला. आता राज्यातल्या प्रत्येक डोंगरावर असा जिना होईल. टाळ्या पडल्या. सर खुर्चीवरून उठून माइककडे निघाले, तेव्हा त्यांच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला आणि फोटोग्राफरनं त्यांना धरून मंत्र्यांशेजारी उभं केलं. एकदा शाल अंगावर पडली की माणसाला बोलता येत नाही.

पण पुढे ते गप्प बसले नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. त्याच आठवड्यात त्यांनी सरकारला टिपण दिलं, काहीही न लपवता. जिन्याला मोड द्या, दुसरे जिने बांधू नका, आधी तिथल्या रीती बघा. मी टंकलेखन केलं होतं. उत्तर आलं की अपघात झालेला नसल्यामुळे दुरुस्तीची आवश्यकता दिसून येत नाही. मग त्यांनी स्वतःचा सिद्धांत स्वतःच खोडणारा निबंध लिहून त्याच परदेशी नियतकालिकाला पाठवला. तोही परत आला. न घडलेल्या दुर्घटनेचा पुरावा लेखकानं दिलेला नाही, असं परीक्षकांचं म्हणणं होतं.

सरांनी दोन्ही उत्तरं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. “बघ शेवाळे,” ते म्हणाले, “मी दोन्हीकडे जन्म घालवला, पण ह्या दोघांचं एकमत झालेलं आज पहिल्यांदा बघतोय.” आणि ते हसले. ते हसणं मला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं.

त्यानंतर दर चैत्रात सर पाथराईला जायचे. देवळाचे विश्वस्त साधा पडदा लावू देईनात, देवीला पडदा चालत नाही म्हणून. पण मंत्र्यांच्या फ्लेक्सला त्यांची ना नव्हती. मग सर जत्रेआधी पालकमंत्र्यांच्या कार्यालयात जाऊन बसायचे. मंत्री बदलले, पक्ष बदलले. ज्यानं आयुष्यात कुणापुढे लाचारी केली नाही, तो माणूस फाटकाशी उभा राहून सांगायचा, यंदा साहेबांचा फ्लेक्स जरा मोठा असू द्या, कमानीएवढा. कार्यालयातल्या पोरांना वाटायचं, म्हाताऱ्याला काहीतरी पद हवंय. जत्रेच्या दिवशी पहाटे ते कमानीखाली उभे असायचे, दोरी स्वतः ताणून बघायचे. पुढे गुडघे गेले तेव्हा डोलीतून वर जायचे.

दुसऱ्या डोंगरांवर जिने होत गेले. जमले तितके आम्ही जाऊन बघितले. कुठे अशी रीत नव्हती, कुठे वेगळंच काही होतं, कुठे विचारलं तर लोक म्हणाले, छे, आमच्यात असं काही नाही. काकूही तसंच म्हणाल्या असत्या. बाकीच्या डोंगरांवर काय रीत आहे, मला माहीत नाही. जिने मात्र तयार आहेत, सरळ, आणि प्रत्येकाच्या आदेशात सरांच्या निबंधाचा हवाला आहे.

सर गेल्या दिवाळीनंतर गेले. त्यांची खुर्ची आता माझ्याकडे आहे. निम्मा आठवडा मंत्रालयात, निम्मा विद्यापीठात.

आणि यंदा चैत्राच्या तोंडावर निवडणुका लागल्या. आचारसंहिता. नव्या प्रांतांनी तालुक्यातले सगळे राजकीय फ्लेक्स उतरवले. मी त्यांना फोन केला, मोडीचं, कळसाचं सगळं सांगितलं. ते अदबीनं म्हणाले, “मॅडम, इतक्या वर्षांत त्या जिन्यावर एकही अपघात नाही. मी रेकॉर्ड बघितलंय.” विश्वस्तांना फोन केला. पडदा चालणार नाही.

जत्रा दोन दिवसांवर आली होती, तेव्हा काकूंचा फोन आला.

“हेमा, आचारसंहिता लागली ना गं?”

“लागली, काकू.”

“मग कमानीवर काय?”

पलीकडे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

“ह्यांचा तो शाल घातलेला फोटो आहे माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “मंत्र्यांनी घातली होती, तो. भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला तर आचारसंहिता आड येते का?”

“नाही येत,” मी म्हटलं. “तो कुणी काढतही नाही.”

“मग मोठा करून घे. कमानीएवढा.”

“काकू, सगळी जत्रा त्यांना पाठ दाखवून उतरेल.”

“उतरू दे. तेवढ्यासाठीच तर वर जात होते दरवर्षी.” त्यांनी नाक ओढलं. “मी तेवढी उलटी उतरेन. कडेचा कठडा धरून.”

मी फ्लेक्सवाल्याला फोन लावला आणि कमानीचं माप सांगितलं.